हवापालटाची घरे

डहाणूहून बोर्डीकडे समुद्रकाठाने जाताना कोणी ‘सॅनिटोरियम’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाराच्या डोळ्यांपुढे खाटांच्या रांगा आणि औषधांचा दर्प उभा राहत नाही. त्यास आठवते ती सुरूची झाडे, लांबलचक ओसरी, दोन खोल्या आणि मागल्या बाजूचे स्वयंपाकघर. मुंबई इलाख्यात या इंग्रजी शब्दास दोन अर्थ प्राप्त झाले. एक वैद्यकातला आणि दुसरा धर्मादायातला. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 साली पाचगणीस बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले, ते पहिल्या अर्थाचे. देवळाली, लोणावळे, माथेरान आणि आमचा हा उत्तर कोकणचा किनारा येथे दानशूर गृहस्थांनी बांधलेली बिऱ्हाडे दुसऱ्या अर्थाची. पहिल्याविषयी वैद्यांनी पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्याचा इतिहास मात्र बहुधा संगमरवरी पाट्यांपुरताच उरला आहे, आणि आम्हांस जे सांगावयाचे आहे ते या दुसऱ्याविषयीच.

1864 साली बॉम्बे बरोडा रेल्वेची गाडी मुंबईपर्यंत धावू लागली, तेव्हापासून डहाणूचा किनारा मुंबईकराच्या आटोक्यात आला. पुढे इराणी व पारशी बागाईतदारांनी येथे चिकूच्या वाड्या उठविल्या. सावली झाली, दूधदुभते झाले, आणि ‘हवा पालटावयास’ येणाऱ्यांची वहिवाट पडली. या घरांची रीत ठरलेली असे. भाडे नाममात्र, राहण्याची मुदत बांधलेली, भांडीकुंडी व स्वयंपाक ज्याचा त्याने पाहावा. तेथे वैद्य असलाच पाहिजे असे नव्हे. आता हे काही मोठे शास्त्र नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु विषमज्वरातून उठलेला मनुष्य गिरगावातील चाळीच्या एका खोलीत सहा माणसांसह पडला असता त्यास विश्रांती कोठून मिळावी? डॉक्टर म्हणतो, रोग गेला. साहेब विचारतो, कामावर केव्हा येता? या दोन वाक्यांच्या मध्ये महिना-दीड महिन्याचा जो अवधी असतो, त्यास घर लागते ही गोष्ट या शेटजींनी ओळखली होती. विद्यापीठाच्या पदव्या मिरविणाऱ्या आमच्या वर्गास ती तितकीशी सुचली नाही, हे कबूल केलेले बरे.

मात्र या घरांच्या दाराशी प्रकृतीच्या अगोदर जातीची चौकशी होई. पारशाचा निधी पारशांकरिता, जैनाचा जैनांकरिता. दात्यास यात दोष देणे फारसे न्याय्य नाही. आपल्या माणसांचे दुःख आधी दिसणे हा मनुष्यस्वभावच आहे. पण ज्यांच्या समाजात शेटजीच नाहीत त्यांनी काय करावे? असा समाज फार दूर शोधावयास नको. किनाऱ्याकडे पाठ करून पूर्वेस चार कोस चालत गेले की वारल्यांचे पाडे लागतात.

तेथे आजारातून उठून सावकाश कामावर परतणे ही कल्पनाच अशक्य होती. लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतलेला वारली ‘लग्नगडी’ होई, आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही धन्याच्या शेतावर बांधली जात. मुंबई सरकारने नेमलेले सिमिंग्टन यांनी 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात या गुलामगिरीची नोंद केली. 23 मे 1945 रोजी झरी गावी वारल्यांची जी सभा भरली, तीत वेठ न करण्याचा व रोख मजुरीवाचून कामास न जाण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन माणसे मेली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. 1960 साली त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, आणि झरी आज तलासरीत मोडते. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात हा सर्व वृत्तान्त वाचावयास मिळतो. आमचे म्हणणे एवढेच की, कामास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्यास नाही, त्यास विश्रांतीचा सल्ला देणे ही थट्टा होय. झरीच्या सभेने वेठ मोडली, म्हणजे एका अर्थी आजारपणाचा हक्कच मिळविला.

घर आणि काम यांची सांगड घालण्याचा प्रयत्न इंग्लंडात झाला. केंब्रिजजवळील पॅपवर्थ येथे व्हॅरियर-जोन्स नामक डॉक्टराने 1918 पासून क्षयातून उठलेल्यांची एक वसाहतच उभारली. कुटुंबासह राहावे, डॉक्टर सांगेल तितकेच तास कारखान्यात काम करावे, आणि तयार झालेल्या पेट्या, लाकडी सामान इत्यादी माल दयेवर नव्हे तर बाजारभावाने विकावा, अशी त्याची योजना होती. आमच्याकडे बाबा आमट्यांचे आनंदवन याच जातीचे. परंतु तेथील पुष्कळांस गावाने परत घेतलेच नाही, त्यामुळे वाटेवरचा मुक्काम हाच कायमचा गाव झाला.

मग 1956 साली मद्रासेत एक प्रयोग सुरू झाला. क्षयाच्या काही रोग्यांस आरोग्यधामात आणि काहींस त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच, अशी तीच औषधे वर्षभर देण्यात आली. 1959 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. चांगले अन्न, मोकळी हवा व विश्रांती यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हवापालटावर आमची कितीही भक्ती असली तरी हे मान्य केलेच पाहिजे. गरीब देशास लक्षावधी खाटांच्या चिंतेतून या प्रयोगाने सोडविले. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत होती: रोग्यास वर्षभर एका जागी राहता येईल असे घर आहे.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील घर वर्षभर एका जागी नसते. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. क्षयाचा साधा उपचार आज सहा महिन्यांचा आहे, आणि भट्टीचा हंगामही जवळजवळ तेवढाच. सरकार रोग्यास पोषणासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये देत असे, ते 1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. रक्कम वाईट नाही. पण भट्टीवाल्याची उचल आधीच अंगावर असते. ती घेतलेला रोगी गोळ्यांचे पाकीट फडक्यात बांधून निघतो, आणि औषध सुरू होऊन ताप उतरला की चिखल तुडविण्यास उभा राहतो. कारण तो बरा दिसू लागलेला असतो.

तालुक्याच्या रुग्णालयानजीक वीस-पंचवीस खोल्या, सामाईक चूल, आणि बेताने करता येईल असे रोपवाटिकेचे वा बांबूचे काम, एवढ्यावर आरंभ करता येईल. दाराशी जात विचारण्याचे कारण नाही. खोल्या बांधणे त्यातल्या त्यात सोपे. उचल फेडण्याची तजवीज मात्र त्याच खर्चात धरली पाहिजे, नाहीतर दिवाळीनंतर त्या रिकाम्या पडतील.