विद्राव्य खतांची नावे कशी वाचावीत?

ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटचे घट्ट द्रावण एकत्र केले, की पाणी दुधाळ होते, तळाशी पांढरा साका बसतो आणि ड्रीपर बंद पडतात. दोन्ही खते चांगल्या प्रतीची असली तरी असे होते. त्याचा अंदाज पिशवीवरील नावावरून आधीच बांधता येतो.

नावाचे दोन भाग

बहुतेक विद्राव्य खते ही आयनिक संयुगे, म्हणजेच क्षार आहेत. प्रत्येक क्षारात धन आणि ऋण प्रभाराचे आयन असतात. नावात धन आयन आधी, ऋण आयन नंतर येतो.

- पहिला भाग (धन आयन): पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फेरस इत्यादी. अमोनियम हा नत्र व हायड्रोजन मिळून झालेला धन आयन आहे.
- दुसरा भाग (ऋण आयन): एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटी 'आईड' येते, उदा. क्लोराईड. ऑक्सिजनसह असेल तर 'एट' येते, उदा. नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट. ऑक्सिजन एकाने कमी असेल तर 'आईट' होते. नायट्रेट पिकाला चालते, नायट्राईट मात्र मुळांना घातक ठरू शकते.

युरिया आयनिक संयुग नाही, त्यामुळे त्याला हा नियम लागू नाही.

संख्या कधी सांगतात?

कॅल्शियमचा प्रभार २, तर नायट्रेटचा १ असतो. म्हणून एका कॅल्शियमसोबत दोन नायट्रेट असतात, पण नावात 'डाय' लावत नाहीत. प्रभारावरून ते समजते. मात्र अमोनियम आणि फॉस्फेटचे एकाहून अधिक क्षार तयार होतात. त्यामुळे मोनो अमोनियम फॉस्फेट (१२:६१:००) आणि डायअमोनियम फॉस्फेट (१८:४६:००) असा फरक करावा लागतो.

लोहाचे प्रभार दोन असतात: फेरस म्हणजे २, फेरिक म्हणजे ३. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. हवेत उघडे राहिल्यास त्यातील फेरसचे फेरिक होते आणि हिरवट रंग तपकिरी पडतो. असे खत पिकाला कमी उपयोगी पडते.

नावातील पाणी

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये पाण्याचे ७ रेणू असतात आणि जस्त २१ टक्के असते. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा १ रेणू असून जस्त ३३ टक्के असते. हेप्टाहायड्रेटच्या १० किलोतून २.१ किलो जस्त मिळते. तेवढेच जस्त मोनोहायड्रेटच्या सुमारे ६.४ किलोतून मिळते. दर विचारताना आणि मात्रा ठरवताना हा शब्द जरूर पाहावा.

टाकीत काय होते?

क्षार पाण्यात विरघळला की दोन्ही आयन सुटे होतात. टाकीत दोन खते असतील तर जोड्या बदलू शकतात. कॅल्शियमला सल्फेट भेटले की जिप्सम तयार होते. कॅल्शियमला फॉस्फेट भेटले तरी न विरघळणारा साका होतो. नायट्रेटचे क्षार मात्र विरघळलेलेच राहतात.

- कॅल्शियम नायट्रेटच्या घट्ट द्रावणात नावात 'सल्फेट' किंवा 'फॉस्फेट' असलेले खत मिसळू नये. १२:६१:०० आणि ००:५२:३४ ही फॉस्फेटची, तर ००:००:५० हे सल्फेटचे खत आहे.
- १३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेट आहे. कॅल्शियम नायट्रेटसोबत ते चालते.
- टाकी एकच असेल तर ही खते वेगवेगळ्या दिवशी सोडावीत आणि मध्ये लाईन स्वच्छ पाण्याने धुवावी.
- शंका असल्यास टाकीतील प्रमाणातच दोन्ही खते काचेच्या बाटलीत मिसळून अर्धा-एक तास ठेवावीत. गढूळपणा किंवा साका दिसल्यास ती टाकीत एकत्र करू नयेत.

खरेदी करताना

ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले रासायनिक नाव आधी वाचावे. कोणते अन्नद्रव्य मिळणार आणि ते कशासोबत मिसळायचे नाही, हे त्यावरूनच समजते.