सोपाऱ्याचा शिलालेख ते मेमरी कार्ड : नकलेने कलावंत बुडतो की तरतो?

१/ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भाटेळा तळ्याजवळ ब्राह्मी अक्षरे कोरलेला एक शिलाखंड सापडला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात नवव्या लेखाचा अंश मिळाला. नालासोपाऱ्याच्या इतिहासातील हे सर्वांत प्रसिद्ध दगड. मात्र त्यांच्याविषयी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते : हे दगड म्हणजे नकला आहेत. आजचा धागा नकलेच्या इतिहासाविषयी.

२/ तेच लेख गिरनारला आहेत, कालसीला आहेत, धौलीला आहेत आणि आजच्या पाकिस्तानातील शाहबाजगढीलाही आहेत. राजधानीतून मसुदा निघे आणि ठिकठिकाणचे लेखनिक तो उतरवून कोरवून घेत. चौदाव्या लेखात तर अशोक स्वतःच मान्य करतो की काही मजकूर पुन्हा पुन्हा आला आहे आणि काही ठिकाणी लेखनिकाच्या चुकीने तो अपुरा राहिला आहे. शब्द जितके पसरतील तितका या लेखकाचा लाभ होता. त्याचे पोट प्रतींच्या विक्रीवर नव्हते. त्याच्यामागे साम्राज्याचा खजिना उभा होता.

३/ त्याच सोपाऱ्यात, रेल्वे स्थानकाबाहेरच्या गर्दीत, मुंबईच्या इतर उपनगरांप्रमाणेच आधी कॅसेट, मग सीडी आणि नंतर मेमरी कार्डात भरून दिलेली गाणी विकली गेली. त्या नकलांच्या मागे खजिना नव्हता. पायरसीने गाणी आणि खेळ निर्माण करणाऱ्यांचे नुकसान होते की फायदा, हा वाद आज जगभर चालतो. मराठी संगीताचा इतिहास त्याचे एक उत्तर देतो. ते मात्र एका शब्दात मावणारे नाही.

४/ छापखान्यापूर्वीच्या मराठी काव्यात नक्कल हा गुन्हा नव्हता, तो प्रसाराचा एकमेव मार्ग होता. तुकोबांचे अभंग टिकले ते संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी उतरवून घेतलेल्या वह्यांमुळे आणि लोकांच्या पाठांतरामुळे, असे वारकरी परंपरा सांगते. गाथा इंद्रायणीत बुडवली गेल्याच्या कथेचा अर्थही हाच की मूळ वही नष्ट झाली तरी प्रती उरल्या. येथे नक्कल हीच कवितेची तारणहार होती.

५/ तरीही त्या काळी कर्तृत्वाची चिंता होतीच. तिचे साधन म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव गुंफले की कोणीही गावो, कोठेही गावो, नाव सोबत जाई. शाहिरांनीही लावणीत तेच केले. नक्कल मुक्त होती, पण नाव बांधलेले होते. मोबदला प्रतीतून येत नसे. कीर्तनातील ओवाळणी, दरबारातील बिदागी आणि फडावरची दौलतजादा, म्हणजे प्रत्यक्ष सादरीकरण, हेच उत्पन्नाचे साधन होते.

६/ या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे मात्र चुकीचे ठरेल. पठ्ठे बापूराव, म्हणजेच श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या लावण्या तमाशाच्या फडाफडांत गायल्या जात. त्यांचे नाव महाराष्ट्रभर गाजले, परंतु त्यांचे उतारवय हलाखीत गेले. कवी स्वतः उभा राहून गाऊ शकेनासा झाला की नाममुद्रा कीर्ती देई, भाकरी देत नसे. इतरांच्या गाण्यातून लेखकाकडे काही परतावे, अशी वाटच त्या व्यवस्थेत नव्हती.

७/ १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबल्या जात आणि तेथील कामगारांना गायिका कोण हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. पाहता ही नाममुद्राच होती. पण एक फरक पडला होता. नाव गायिकेचे होते, तबकडी कंपनीची होती. आता प्रत ही विक्रीची वस्तू झाली आणि तिचा मालक कलावंताहून वेगळा झाला.

८/ हा फरक पुढे कायद्याने पक्का केला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखालील एका खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा प्रथम मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच होय. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडले : गाण्यात प्राण ओतणाऱ्या गायकाला या कायद्यात कोणताच हक्क नाही, याकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. गायक-वादकांसाठी सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने.

९/ म्हणून कॅसेटयुगातील पायरसीचा विचार करताना हा संदर्भ विसरता येत नाही. १९८० च्या सुमारास आखातातून परतणाऱ्या कामगारांच्या सामानात ‘टू-इन-वन’ येऊ लागले. रेकॉर्डच्या बाजारावर दीर्घकाळ एचएमव्हीचे वर्चस्व होते. नव्या मागणीला पुरेल इतका माल कंपनीकडे नव्हता आणि किंमतही सामान्यांना परवडणारी नव्हती. ती पोकळी चोरट्या नकलांनी भरली. अभ्यासक पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथानुसार, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारपेठेचा सुमारे ९५ टक्के भाग कॅसेटने व्यापला होता.

१०/ याच काळात दिल्लीच्या गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स पुढे आली. पूर्वसूचना व रॉयल्टी देऊन जुन्या गाण्याचे नव्या आवाजात मुद्रण करण्याची मुभा देणारे एक कलम कायद्यात होते. त्याच्या आधारे स्वस्त ‘व्हर्जन’ कॅसेटींचा पूर आला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्यांच्यावर चोरीचे आरोप केले. नंतर हीच कंपनी देशातील सर्वांत मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एक झाली आणि स्वतःच्या हक्कांसाठी पायरसीविरुद्ध कठोरपणे लढू लागली. नकलेकडे पाहण्याची दृष्टी माणूस बाजारात कोठे उभा आहे यावर ठरते, हे यातून दिसते.

११/ महाराष्ट्रात या स्वस्त कॅसेटने एक दार उघडले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज रेकॉर्डच्या काळातच लोकप्रिय झाला होता. आता कॅसेटमुळे त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे, तसेच भीमगीते, कोळीगीते, लोकगीते गाणारे अनेक गायक वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचले. मोठ्या कंपनीने ज्या श्रोत्यांसाठी तबकडी काढण्याचा विचार केला नसता, त्यांच्यासाठी लहान कंपन्या उभ्या राहिल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी लागणारे गाण्यांचे स्टॉल हे या बाजाराचे ठळक रूप होय.

१२/ आता या बाजारातील नकलेचा हिशेब मांडावा. गायकाला ध्वनिमुद्रणाचे ठरावीक पैसे एकदाच मिळत. त्याची खरी कमाई जयंतीच्या, जत्रेच्या, हळदीच्या कार्यक्रमांच्या सुपारीतून होई. कॅसेट जितकी घुमे तितकी सुपारी वाढे, मग ती अस्सल असो वा नक्कल. त्यामुळे गायकाच्या दृष्टीने चोरटी प्रत ही फुकटची जाहिरात ठरू शकत होती. परंतु कर्ज काढून हजार कॅसेटी काढणारा लहान निर्माता, आणि मंचावर न जाणारा गीतकार किंवा संगीतकार, यांच्या हातून पुढची संधी निसटत होती. एकाच नकलेने एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी होत होती.

१३/ शासनाने या गुंतागुंतीला शिक्षेने उत्तर दिले. १९८४ च्या दुरुस्तीने पायरसीची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढवली. २००९ साली महाराष्ट्राने १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात, झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्या पंक्तीत ‘व्हिडिओ पायरेट्स’ना बसवले. या कायद्याखाली खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. पदपथावर सीडी विकणाऱ्यासाठी इतके कठोर शस्त्र तयार झाले. गीतकाराला गाण्याच्या उत्पन्नातील वाटा मिळावा, यासाठीची तरतूद मात्र अजून तीन वर्षे दूर होती.

१४/ ती आली २०१२ च्या दुरुस्तीने. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर तिचा सतत पाठपुरावा केला होता. चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहील आणि वारस किंवा कॉपीराइट संस्था वगळता तो इतरांच्या नावे करून देता येणार नाही, असे ठरले. या टप्प्यापासून पायरसीचा प्रश्न बदलतो. जोवर वाटाच नव्हता, तोवर नकलेने लेखकाच्या खिशातून थेट काही जात नव्हते. वाटा मिळाल्यावर मात्र प्रत्येक चोरटी प्रत त्यालाही उणे करते.

१५/ २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. सेन्सॉरच्या प्रतीची खूण असलेली त्याची चोरटी आवृत्ती लवकरच मोबाइलवरून फिरू लागली. तरीही शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा चित्रपटगृहात खेचले. यावरून पायरसी निरुपद्रवी असल्याचा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो उतावीळ आहे. ‘सैराट’ चोरी पचवू शकला म्हणून तो स्मरणात राहिला. पहिल्याच आठवड्यावर ज्यांचे भवितव्य अवलंबून असते असे लहान चित्रपट पचवू न शकल्यास त्यांची चर्चाही होत नाही. इतिहासात वाचलेल्यांचीच साक्ष अधिक ऐकू येते.

१६/ युरोपीय आयोगासाठी इकोरिस या संस्थेने केलेला आणि २०१७ मध्ये उजेडात आलेला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. सहा देशांतील माहितीवरून, पायरसीमुळे एकंदर विक्री घटते याचा भक्कम सांख्यिकी पुरावा त्यात मिळाला नाही. अपवाद होता नव्या गाजलेल्या चित्रपटांचा : चोरून पाहिलेल्या दर दहा चित्रपटांमागे सुमारे चार वैध प्रेक्षक कमी होत होते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत उलट कल दिसला. चोरटे खेळ खेळणारे वैध खेळांकडेही वळत होते. युरोपचे आकडे नालासोपाऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण परिणाम वस्तूगणिक बदलतो हे त्यातून स्पष्ट होते.

१७/ खेळांचे उदाहरण लक्षणीय आहे. १९९० च्या दशकात भारतातील मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून खेळले जाणारे अनेक यंत्रसंच जपानी फॅमिकॉमची नक्कल होते. एका कार्ट्रिजमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा असे आणि तेच तेच मारिओ व काँट्रा पुन्हा पुन्हा येत. खेळ रचणाऱ्याला सुपारी नसते, जत्रेचा मंच नसतो. त्याचा फड म्हणजे ती प्रतच. पुढे या उद्योगाने प्रत फुकट देऊन खेळाच्या आतील वस्तू विकण्याचा मार्ग काढला. २०१८ मध्ये भारतभर पसरलेला पब्जी मोबाइल हा त्याच पद्धतीचा. उत्पन्न जिथे नकलता येत नाही तिथे हलवले की चोरीची धार बोथट होते.

१८/ संगीतात हेच काम आता यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा करते. दुसऱ्याने चढवलेल्या प्रतीवरील जाहिरातीचे पैसे ती हक्कदाराकडे वळवू शकते. म्हणजे नक्कल फिरत राहते आणि मोबदला परततो. पठ्ठे बापूरावांच्या काळात नसलेली वाट निघाली. परंतु ही यंत्रणा ठरावीक निकषांत बसणाऱ्या मोठ्या हक्कदारांसाठी आहे. कोळीगीताची मूळ चाल बांधणाऱ्या एखाद्या वस्तीतील कलावंताचे गाणे डीजेच्या मिश्रणात शिरले, की बहुधा त्याचे नावही उरत नाही. नाममुद्रेने जे सहज साधले होते, तेही त्याच्या वाट्याला येत नाही.

१९/ तेव्हा ‘पायरसी तारक की मारक’ या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. कलावंताचे पोट प्रतीवर आहे की प्रत्यक्ष सादरीकरणावर? प्रतीचा मालक तो स्वतः आहे की दुसरा कोणी? आणि नकलेबरोबर त्याचे नाव जाते की गळून पडते? ज्याला मंच आहे, नाव आहे आणि इतर उत्पन्न आहे, त्याला नक्कल बहुधा तारते. ज्याच्याकडे विकण्यासाठी केवळ प्रत आहे, त्याला ती बुडवते. आणि दुर्दैव असे की हा दुसरा सहसा पहिल्याहून गरीब असतो.

२०/ सोपाऱ्याचा शिलाखंड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अशोकाचे शब्द नकलांमुळेच दोन हजारांहून अधिक वर्षे टिकले, हे खरे. पण कोरणाऱ्याची मजुरी चुकती करण्यासाठी तेथे राज्य होते. नालासोपाऱ्याच्या चाळीत बसून आज जो गाणे रचतो, त्यालाही आपले शब्द दूरवर पोहोचावेत असे वाटते. ते पोहोचवण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मजुरीची सोय अजून व्हायची आहे.

#इतिहास #नालासोपारा #सोपारा #मराठीसंगीत