संवादध्वनी-जुळवणी

निरनिराळ्या जागी ध्वनिमुद्रित झालेले एकाच प्रसंगाचे संवाद एका जागेतले वाटावेत, यासाठीची ध्वनिसंपादनातील प्रक्रिया. कान आधी ओळखतो तो भोवताल. उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात धानाच्या बांधीत बेडूक नि रातकिडे असतात, कापणीनंतर मळणीयंत्राची घरघर. त्यामुळे जागा तीच असली तरी ऋतू उघडा पडतो. म्हणून प्रत्येक जागी सर्वांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट नुसता भोवताल मुद्रित करतात. ही ‘रूम टोन’ची पट्टी वाक्यांखाली अखंड पसरली की सांधे झाकले जातात. घाईच्या चित्रीकरणात नेमकी हीच राहून जाते. माइक तोंडाजवळ असल्यास खर्ज वाढतो. तो इक्वलायझरने उतरवतात. कोरड्या आवाजाला खोलीचा घुमारा देता येतो, मुद्रित झालेला घुमारा काढणे मात्र फार अवघड. त्यामुळे स्टुडिओतला संवाद घुमणाऱ्या खोलीत नेणे सोपे, उलट करणे कठीण.

यंत्राने न जुळणारी बाब उच्चाराची. भंडारा परिसरातल्या झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. चित्रीकरणाच्या जागी ‘पानी’ म्हणणारा नट डबिंगच्या वेळी ‘पाणी’ म्हणाला, तर सारी जुळवणी फुकट. झाडीपट्टीच्या नाटकांत संवाद रंगमंचावरूनच थेट ध्वनिवर्धकावर जात असल्याने ही प्रक्रिया तेथे लागत नाही.