भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयीन सामान्य शिक्षण

सामान्य शिक्षण म्हणजे पदवी अभ्यासक्रमाचा असा भाग, जो विद्यार्थ्याने निवडलेल्या मुख्य विषयाच्या बाहेरचा असतो आणि विज्ञान, कला, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांची किमान ओळख व्हावी म्हणून सर्वांना शिकवला जातो. महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर तेथील पारंपरिक पदवी अभ्यासक्रमांत सामान्य शिक्षणाला श्रेयांकांसह निश्चित स्थान मिळाले आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये सुरू केलेला समकालीन संस्कृतीविषयक अभ्यासक्रम आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा १९४५ चा अहवाल हे सामान्य शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे मानले जातात. भारतात हा विचार डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) ठळकपणे मांडला. लवकर होणाऱ्या विशेषीकरणामुळे विज्ञानाचा पदवीधर साहित्य व समाज यांना आणि कलाशाखेचा पदवीधर निसर्गविज्ञानाला पारखा होतो, ही आयोगाची चिंता होती. शिफारस होऊनही बहुतेक विद्यापीठांत तिला फारसे मूर्त रूप आले नाही. पुढे शालेय शिक्षणाचा दहा अधिक दोन हा आकृतिबंध आला. त्यात अकरावीलाच शाखा ठरू लागली आणि पंधरा-सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय पदवीपर्यंत कायम राहू लागला.

सर्व शाखांना समान असा विषय देशभर आला तो पर्यावरण अभ्यासाच्या रूपाने, आणि तोही न्यायालयाच्या मार्गाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. मुंबई विद्यापीठात 'फाउंडेशन कोर्स' या नावाने कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांना सामायिक विषय पूर्वीपासून होता. मात्र अशा विषयांना स्वतंत्र विभाग वा स्वतंत्र अध्यापकवर्ग सहसा नसतो. गुणपत्रिकेतील मुख्य निकालावरही त्यांचा फारसा परिणाम होत नसे, त्यामुळे ते 'पास होण्यापुरते' या वर्गात जमा झाले.

सध्याची रचना

महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक आराखडा निश्चित केला. तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३–२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून लागू करण्याचे ठरले. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक लागतात. लेखी विषयात एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन, तर प्रात्यक्षिकात ३० तास.

सामान्य शिक्षणाचा गाभा या आराखड्यातील खुल्या ऐच्छिक विषयांत आहे. महाविद्यालयांत ते 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणूनच ओळखले जातात. त्यांना १० ते १२ श्रेयांक असून ते पहिल्या दोन वर्षांत पूर्ण करायचे असतात. येथील कळीची अट अशी, की हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेतून घेता येत नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी वाणिज्य वा मानव्यविद्येकडे वळतो, मराठी साहित्याचा विद्यार्थी विज्ञानाकडे किंवा वाणिज्याकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यातही नऊ श्रेयांकांचे बहुविद्याशाखीय विषय आहेत. महाराष्ट्राची अट त्याहून अधिक काटेकोर म्हणता येईल. यांखेरीज इंग्रजी व आधुनिक भारतीय भाषा यांना मिळून ८, पर्यावरणासारख्या मूल्यशिक्षणाच्या विषयांना ४, भारतीय ज्ञानप्रणालीला २ आणि क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना, ललित कला इत्यादी सहशालेय उपक्रमांना ८ श्रेयांक आहेत.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके उरले. भंडारा येथील जे. एम. पटेल महाविद्यालय व तुमसर येथील एस. एन. मोर महाविद्यालय यांत कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखा एकाच आवारात आहेत. साकोली येथील मनोहरभाई पटेल महाविद्यालय आणि लाखनी येथील समर्थ महाविद्यालय ही पूर्वेकडील तालुक्यांतील परिचित महाविद्यालये होत.

खुल्या ऐच्छिक विषयाची अट पाळणे तिन्ही शाखा असलेल्या महाविद्यालयाला तुलनेने सोपे जाते. ज्या ग्रामीण महाविद्यालयात केवळ कलाशाखा आहे, तेथे विज्ञानाचा विषय शिकवणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. प्रयोगशाळा नाही, विज्ञानाचा अध्यापक नाही आणि जवळचे दुसरे महाविद्यालय बसच्या वेळापत्रकावर अवलंबून, अशा ठिकाणी कागदावरची निवड प्रत्यक्षात एक-दोन विषयांवर येऊन थांबते. राष्ट्रीय धोरणाने २०४० पर्यंत सर्व उच्चशिक्षण संस्था बहुविद्याशाखीय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एकशाखीय महाविद्यालयांपुढील ही अडचण मात्र आजची आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचाचा पर्याय उपलब्ध असून आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्याद्वारे पूर्ण करता येतात. तथापि त्यावरील बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, आणि बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी अपरिचित शाखा व अपरिचित भाषा ही दुहेरी चढण ठरते.

दुसरा प्रश्न पातळीचा आहे. दोन श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे अवघे ३० तास. तेवढ्यात मुख्य विषयाचा अभ्यासक्रम आखडून शिकवला, तर बाहेरच्या शाखेतील विद्यार्थ्याच्या हाती व्याख्यांखेरीज काही लागत नाही. त्याला आवर्तसारणी पाठ असण्यापेक्षा पाण्याचा तपासणी अहवाल वाचता येणे अधिक उपयोगी. त्याचप्रमाणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला राजवंशांच्या सनावळीपेक्षा एखादा पुरावा कसा तपासतात, हे कळणे महत्त्वाचे. असा विषय 'बाहेरच्यांसाठी' म्हणून मुळापासून लिहावा लागतो. मराठीत त्यासाठी आधार अगदीच नाही असे नव्हे: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

स्थानिक अध्ययनसामग्री

अशा विषयांना लागणारी उदाहरणे जिल्ह्यात विपुल आहेत. पवनी येथे नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९–७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. थरांचा क्रम, मृद्भांडी, नाणी व शिलालेख यांवरून काळ कसा ठरतो, हे विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला याहून जवळ दाखवता येणार नाही. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी भूविज्ञान, रसायनशास्त्र आणि कामगारांचा इतिहास यांना एकत्र आणतात. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेला वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्प अभियांत्रिकी, शेती, विस्थापन व लोकवित्त या साऱ्यांचा विषय आहे. कोहळी समाजाच्या तलावबांधणीच्या कौशल्यातून उभे राहिलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच 'मामा तलाव', भारतीय ज्ञानप्रणालीच्या विषयात ग्रंथोक्त उदाहरणांच्या जोडीने सहज बसतात. एखाद्या तलावाची पाळ, सांडवा व पाणीवाटप मोजून-विचारून नोंदवले, तर समाजसहभागाच्या दोन श्रेयांकांचे कामही त्यातून होऊ शकते.

भाषा व कलांच्या बाबतीत झाडीपट्टी रंगभूमी, दंडार आणि खडी गंमत या जिवंत परंपरा आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या संकलनाचे व अभ्यासाचे मोठे काम केले आहे. वर्गात मूर्धन्य 'ण' ऐवजी 'न' उच्चारणारा विद्यार्थी अशुद्ध बोलत नसून बोलीच्या नियमाने बोलतो, हे वाणिज्य वा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासात सांगता येते.