जमिनीवरून न सापडणारी वीज

१८९९च्या हिवाळ्यात क्रिस्तियान बिर्केलँड हा नॉर्वेजियन प्राध्यापक आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, हाल्डे नावाच्या बोडक्या डोंगरावर मुक्कामाला गेला. तिथे त्याने सुमारे ९०० मीटर उंचीवर दगडी वेधशाळा बांधून घेतली होती. आकाशात अरोराचे हिरवट पडदे हलू लागले की होकायंत्राची सुई का बिथरते, हे त्याला शोधायचं होतं. त्या मोहिमेत त्याचा एक तरुण सहकारी हिमकडा कोसळून मेला. तरीही १९०२-०३मध्ये बिर्केलँडने नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेमल्या अशा चार ठिकाणी माणसं बसवली आणि सुयांच्या नोंदी गोळा केल्या.

१९०८मध्ये त्याने निष्कर्ष छापला. अवकाशातून विजेचा प्रवाह पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून, दोरीवरून उतरावं तसा, ध्रुवांकडे खाली येतो, अरोराच्या पट्ट्यात आडवा वाहतो आणि पुन्हा वर निघून जातो. निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून, त्यावर इलेक्ट्रॉन सोडून त्याने ध्रुवांभोवती उजळणारी कडी लोकांना दाखवलीही. (या सगळ्याला पैसा लागतोच. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत त्याने सॅम आयडेसोबत काढली होती. त्यातून तो मिळाला.)

त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. सूर्यावरून नुसते इलेक्ट्रॉन झोताने येत असतील, तर एकमेकांना ढकलून ते वाटेतच विखुरतील, हा आर्थर शुस्टरचा आक्षेप रास्त होता. १९१७मध्ये बिर्केलँड टोकियोतल्या एका हॉटेलात वारला. झोपेसाठी घेतलेलं व्हेरोनाल जास्त झालं होतं. वय अवघं ४९.

त्यानंतर या विषयावर सिडनी चॅपमन या ब्रिटिश गणितज्ञाचा शब्द चालू लागला. त्याच्या मांडणीत सगळी वीज वातावरणाच्या वरच्या थरातच आडवी फिरत होती. अवकाशातून काही उतरण्याची गरजच नव्हती. स्वीडनचा हानेस आल्फवेन १९३९पासून बिर्केलँडची बाजू लावून धरत होता, पण फार कुणी ऐकत नव्हतं.

इथे चॅपमनला खलनायक करायचा मोह होतो. मला ते अन्यायाचं वाटतं. कारण हा तंटा जमिनीवरून सुटण्यासारखाच नव्हता. उतरणाऱ्या प्रवाहाचा चुंबकीय परिणाम आणि तोच प्रवाह वरच्या थरात चहूकडे पसरताना होणारा परिणाम हे जमिनीपाशी एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. पुढे जपानच्या नाओशी फुकुशिमा यांनी हे गणिताने दाखवलं. म्हणजे बिर्केलँडने चारऐवजी चारशे ठाणी उभारली असती, तरी दोन्ही मांडण्या त्याच नोंदींत बसल्या असत्या. निकाल हवा असेल तर प्रवाहाच्या आरपार जायला हवं होतं.

तसं जाणारं यंत्र भलत्याच कामासाठी उडालं. पाणबुड्यांना आपली जागा कळावी म्हणून अमेरिकी नौदल ट्रान्झिट उपग्रह सोडत असे. आपल्या फोनमधल्या जीपीएसचे हे पूर्वज. सप्टेंबर १९६३मध्ये त्या कार्यक्रमातला ‘१९६३-३८सी’ हा उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, सुमारे ११०० किलोमीटर उंचीवर गेला. त्यावर चुंबकमापक होतं, पण ते उपग्रहाचं तोंड कुठे आहे हे कळण्यापुरतं. अल्फ्रेड झ्मुडा आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा अरोराच्या पट्ट्यावरून जाताना प्रत्येक वेळी सुई आडवी हिसके खात होती. १९६६मध्ये त्यांनी हे छापलं, पण अर्थ लावला तो लहरींचा. पुढच्याच वर्षी कमिंग्ज आणि डेस्लर यांनी सांगितलं, की हा बिर्केलँडचा उभा प्रवाह आहे. १९७२मध्ये ट्रायड उपग्रह गेला. त्याच्या नोंदींवरून १९७६मध्ये इइजिमा आणि पोटेम्रा यांनी नकाशाच काढला. ध्रुवाभोवती प्रवाहाची दोन कडी, एकात एक. झ्मुडा तोवर हयात नव्हता. चॅपमनही १९७०मध्ये गेला होता.

या कड्यांतून एरवीही दहा लाख अँपियरच्या घरात वीज वाहते. सौर वादळात त्याच्या कितीतरी पट. १३ मार्च १९८९ला अशाच वादळाने जमिनीत प्रवाह उठवले आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात बसले. हीच वीज वरच्या विरळ हवेला तापवते, हवा फुगते, उपग्रहांना अडवू लागते. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह नुकतेच, बऱ्याच खालच्या कक्षेत सोडले होते. वादळ फार मोठं नव्हतं, तरी त्यांतले चाळीसच्या आसपास परत वातावरणात पडून जळाले.

युरोपने २०१३मध्ये स्वार्म हे तीन उपग्रह खास चुंबकीय मोजमापांसाठी सोडले. त्यांची मापं कितीतरी बारीक आहेत. पण दोन्ही ध्रुवांभोवतीचे प्रवाह एकाच वेळी, दहा-दहा मिनिटांच्या नोंदींतून पाहायचे, तर शास्त्रज्ञ इरिडियम या सॅटेलाइट फोन कंपनीच्या ६६ उपग्रहांकडे वळतात. त्यांच्यावर चुंबकमापकं आहेत. तीही उपग्रहाचं तोंड कुठे आहे हे कळावं म्हणून बसवलेली.