परिषद, भाषा आणि मिलिंद-नागसेन संवाद
औंढा नागनाथ (जि. हिंगोली) पूर्वी निजामी मराठवाड्यात होते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे (१९१८) माध्यम उर्दू. त्यामुळे मराठी मुलांपुढे भाषेचीच भिंत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते ‘मिलिंद’ आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ झाला. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्हो’मध्ये भन्ते नागसेन राजाला अट घालतात: चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या नव्हे. पंडित चूक दाखवली तरी रागावत नाहीत. राजे विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी व पाली दोन्ही अभिजात ठरल्या. भाषा-शिक्षणाच्या परिषदांत आपल्या तरुणांनी पालीवरचे शोधनिबंध मराठीत मांडावेत आणि व्यासपीठाला निर्भयपणे प्रश्न विचारावेत.