माळशेजची वाट आणि ती घडविणारे हात



नागमोडी घाटरस्त्याचे तरुण मोटारसायकलस्वारांना एवढे वेड का, असे वडीलधारी मंडळी आम्हांला पुष्कळदा विचारतात. उत्तर इतिहासात शोधावे लागते. कारण ज्या वळणावर स्वाराचे मन रमते, ते वळण त्याच्या मौजेसाठी कोणी काढलेले नाही.

आपल्या नगरवरून, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरवरून, जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 घ्या. पूर्वेस तो करंजी घाटातून पाथर्डीकडे जातो. पश्चिमेस टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर अशी गावे घेत माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो. घाट जुन्नर आणि मुरबाड तालुक्यांतला खरा. पण रस्ता कल्याण-नगरचा, म्हणून आपलाही. शिवाय शेजारचा हरिश्चंद्रगड आपल्याच अकोले तालुक्यात आहे.

कोकण आणि देश यांची ही ये-जा फार जुनी. माळशेजजवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल त्या वाटेने जुन्नर-पैठणला जाई. तेथल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे अशा दानांची मोजदाद आहे. माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा म्हणतात. दानाचा हिशेब दोन हजार वर्षे टिकला; पण कातळ फोडून वाट करणाऱ्या एकाचेही नाव तेथे नाही.

वाट वाकडी का होते, याचे उत्तर बैलाला विचारावे. ओझे घेऊन सरळ चढ चढवत नाही. तीच उंची दुप्पट लांबीच्या वाटेने गाठली, तर चढ निम्मा होतो. मोटारीच्या इंजिनालाही हाच न्याय लागू आहे. वळण म्हणजे ओझे वाहणाऱ्याला दिलेली सवलत होय.

ही सवलत कोणाच्या घामातून आली? दख्खनचे पुष्कळ रस्ते दुष्काळी कामांवर झाले. 1876-78 च्या दुष्काळात सरकारने मजुरी कापली आणि मजुरांना दूरच्या कामांवर जाण्याची सक्ती केली. तेव्हा 1877 च्या आरंभी हजारो उपाशी माणसांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याला कोणी संप म्हणो वा न म्हणो. आम्ही तो संपच मानतो. पुढे 1972 च्या दुष्काळात आमच्या आईबापांच्या पिढीने उन्हात बसून खडी फोडली. त्या अनुभवातूनच 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला.

आणि त्याच 1972 साली लूना बाजारात आली! कायनेटिकच्या नगरच्या कारखान्याशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. पन्नास सीसीचे इंजिन, त्याला पायडलची जोड. चढावर इंजिन दमले की स्वाराने पाय चालवावेत. तोवर आपले वाहन ही साहेबाची, सावकाराची चीज होती. दुचाकीने ती कारकुनाच्या, कामगाराच्या दारात आणली. एक दिवस त्याच्या मनात आले, की कामावर नव्हे, नुसतेच घाटात जावे. हक्काच्या सुट्टीचा याहून चांगला उपयोग आम्हांला सुचत नाही.

मोटारीतला मनुष्य वळणावर बाहेर फेकला जाऊ नये म्हणून आधार धरतो. दुचाकीवरला वळणाच्या आत झुकतो. वेग, उतार, गिअर आणि स्वतःचे वजन यांचा मेळ त्याला क्षणाक्षणाला घालावा लागतो. सांध्यावर बसून बारीक काम करणाऱ्या कारागिराचे जे समाधान, तेच हे. पावसाळ्यात धुके उतरते, कड्यावरून पाणी रस्त्यावर येते. मग डोळ्यांपेक्षा हातांनाच रस्ता अधिक कळतो.

पण दोन चाकांचा जमिनीशी संबंध तळहाताएवढाच. ओली खडी, सांडलेले तेल, पडलेली दरड यांपुढे हिंमत चालत नाही. ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा धडा आजही खरा आहे.

दरड कोसळली की बातमी येते, ‘घाट बंद’. दोन-चार दिवसांनी येते, ‘घाट सुरू’. या दोन बातम्यांच्या मधे निसरड्या कड्याखाली पहार घेऊन कोणी उभा असतो. त्याची नेमणूक कायम आहे काय, डोक्यावर शिरस्त्राण आहे काय, अपघात झाला तर घरच्यांना काय मिळते, हे त्या रस्त्यावर मौज करणाऱ्यांनी विचारले पाहिजे. नाणेघाटाच्या लेखात जी नावे राहून गेली, ती आता हजेरीपटावर तरी नीट चढावीत. तोवर, तरुण मित्रांनो, वळणापलीकडे लाल निशाण दिसले, की वेग कमी करा.